आ कर

डोंबिवली
१४ जानेवारी १९९१

रतन,

पाकिटात हलवा आहे. लाडू पाठवणार होते, पण पोस्टात त्यांचा चुरा होतो.

तुझा पत्ता शहाडहून पोपटमामांकडून आणला. ते म्हणाले, "देतो, पण मी दिला म्हणून सांगू नकोस." सांगितलं.

आई गेल्यापासूनच्या साडेसात वर्षांतलं हे पहिलं पत्र. तेराव्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आई दुखण्यानं गेली नाही, आक्कानं घालवली. मग नोकरीसाठी असं गाव शोधलंस जिथं आपलं कुणी नाही. मी त्या दिवशी काही बोलले नव्हते. आजही त्यावर बोलायला लिहीत नाही. संक्रांत आहे, म्हणून लिहिते.

तुझे दाजी बरे आहेत. वागळे इस्टेटमधलीच कंपनी. आम्ही दोघंच घरात, त्यामुळे मशीनला जागा भरपूर. आईचं मशीन अजून चालतं. दारावर पाटी लावली आहे, ब्लाउज आणि पिको-फॉल. गिऱ्हाईक चांगलं आहे.

तू कशी आहेस?

तुझी
आक्का

ता. क. तू नर्स आहेस म्हणून सहज विचारते. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली आहे. तोंड येतं तशीच. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उपास सोडताना पहिल्यांदा लागली. जाईचा पाला चघळून झाला, साजूक तूप लावून झालं, मेडिकलवाल्यानं पिवळ्या गोळ्या दिल्या त्याही संपल्या. यंदा तिळगूळ तोंडात घालता आला नाही, एवढंच. घाईचं काही नाही.


अकोला
२१ जानेवारी १९९१

आक्का,

ता. क. आधी वाचला. बाकीचं पत्र नंतर. कार्डावर लिहिते आहे, पोस्टमन वाचेल, वाचू दे.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार म्हणजे तेरा डिसेंबर. मी कॅलेंडर काढून बघितलं. साधी जखम दोन आठवड्यांत भरते, फार तर तीन. तुझी पाचव्या आठवड्यात होती तेव्हा तुला पत्र लिहायचं सुचलं.

केवढी आहे? रंग कसा? कडा कडक लागतात का? रक्त येतं का? जीभ सगळीकडे वळते? गिळताना लागतं? मानेत, जबड्याखाली गाठ लागते का, बोटांनी चाचपून बघ. आणि मिश्री लावतेस का अजून?

उत्तर लिहिण्याआधी दाखवून ये.

रतन


डोंबिवली
२५ जानेवारी १९९१

रतन,

तुझं कार्ड खालच्या मजल्यावरच्या रंगूबाईंनी वाचून मग वर आणून दिलं. पोस्टमनचं माहीत नाही.

आरसा घेऊन खिडकीशी बसले. जखम वाटाण्याएवढी आहे. मध्ये पिवळट, कडेनं लाल. रक्त नाही. जीभ वळते, तुझ्याशी भांडायला लागेल तेवढी नक्की वळते. मानेत काही लागलं नाही. कडा कडक आहेत का, हे मला कसं कळणार? कॉलरचं कापड कडक की नरम, विचार, बोट न लावता सांगेन. स्वतःच्या जिभेचं कळत नाही.

मिश्री सोडली. केव्हाच.

आता मुख्य सांगते. दुखणं कमी झालं आहे. पहिले पंधरा दिवस आमटीसुद्धा जात नव्हती, आता वरणभात जातो, कधी कधी भाजीही जाते. म्हणजे भरत आली आहे. रंगूबाई म्हणाल्या, "उष्णता आहे गं अंगात. सब्जा पी रोज."

मी म्हटलं, "जानेवारीत कसली उष्णता?"

"ऊन बाहेर नसतं, आत असतं."

सब्जा पिते आहे.

दाखवायला जाईन, पण माघात लग्नं आहेत. एका नवरीचेच अकरा ब्लाउज आहेत, आणि तिची आई रोज येऊन गळा एक बोट वर घ्या म्हणते, नवरी एक बोट खाली घ्या म्हणते. हे उरकलं की जाते.

हलवा मिळाला का ते तू लिहिलं नाहीस.

आक्का


अकोला
३० जानेवारी १९९१

आक्का,

हलवा मिळाला. खाल्ला नाही. ठेवला आहे.

दुखणं कमी झालं म्हणजे बरं होतंय, असं तू लिहिलंस. हे वाक्य आईचं आहे. तिनं ते कुठल्या आवाजात म्हटलं होतं तेही मला आठवतं. मी इथं ज्या वॉर्डात आहे तिथं आठवड्यातून तीन-चार बाया हेच सांगत येतात. दुखत नव्हतं हो सिस्टर, म्हणून आले नाही. दुखत नाही अशी जखम जास्त वाईट निघू शकते. दुखण्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते दिवसांवरून.

घाबरवायला लिहीत नाही. जखमा बहुतेक साध्याच निघतात. काही टोचत असतं, काही घासत असतं, ते काढलं की भरतात. पण तुझी त्यातली आहे की दुसरी, हे अकोल्यात बसून मला कळत नाही आणि डोंबिवलीत बसून रंगूबाईंना कळत नाही. ज्याला कळतं त्याच्यापुढं जाऊन तोंड उघडावं लागतं.

नवरी उघड्या गळ्यानं लग्नाला उभी राहू दे.

हे पत्र दाजींना वाचायला दे. दाजी, इथून पुढचं तुम्हाला आहे. सोमवारी रजा टाका आणि हिला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा. दातांच्या विभागात, सकाळी आठला. ती म्हणेल ब्लाउज आहेत. तिला म्हणावं, शिंपिणी आणखी मिळतील.

रतन


डोंबिवली
६ फेब्रुवारी १९९१

रतन,

गेलो. परवा, सोमवारी. तुझ्या दाजींनी तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि तसेच रजेचा अर्ज लिहायला बसले. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एवढं कधी ऐकलेलं नाही.

डॉक्टर बाई होत्या. तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "झाले असतील आठ-दहा दिवस."

तुझे दाजी म्हणाले, "साडेसात आठवडे."

बाईंनी माझ्याकडे न बघता दाजींचा आकडा लिहून घेतला. मग विचारलं, "तंबाखू, मिश्री, काही लावता?"

"नाही."

त्यांनी मला खुर्चीत मागं झुकवलं, दिवा ओढला, आरशाच्या दांडीनं गाल बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुमच्या दातांनाही विचारलं. ते हो म्हणतात. दिवसातून किती वेळा?"

मी सांगितलं, तीनदा. तुझे दाजी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. त्यांना दोनदाच माहीत होतं.

तर तुला खोटं लिहिलं होतं. मिश्री सोडली नव्हती. उलट जखम झाल्यापासून चिमूटभर जास्तच, कारण जखमेवर दाबून धरली की बधिर व्हायचं. बाईंना तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणून दुखणं कमी झालं. जखम आहे तेवढीच आहे." तू ओरडली असतीस. मला तुझीच आठवण झाली.

नंतर त्यांनी हातमोजा घालून जखम दोन बोटांत धरून बघितली, मान चाचपली, जबड्याखाली चाचपलं. मी छताकडे बघत होते. छताला पंखा होता, त्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा नवं होतं. बराच वेळ मी तेवढंच बघत होते.

मग त्या म्हणाल्या, "खालची ही दाढ कधी तुटली?"

मला ती तुटलेली माहीतच नव्हती. आतल्या बाजूनं कपचा गेला आहे, आणि उरलेलं टोक बरोबर जखमेवर येतं. बोलताना, गिळताना, झोपेत, घासतच राहतं.

"या बाजूनं काय तोडता? सुपारी? हाडूक?"

मी म्हटलं, "दोरा."

त्यांना कळेना. मी त्यांच्या कोटाची लोंबणारी गुंडी धरून दाखवलं. टाका मारायचा, गाठ मारायची, तोंड खाली न्यायचं, कट. कात्री कोण शोधत बसणार? पूर्वी पुढच्या दातांनी तोडायचे. दोन वर्षांपूर्वी पुढच्या दाताला खाच पडली, तेव्हापासून बाजूच्या दातांनी तोडते. सुती दोरा लगेच तुटायचा. आता सगळे टेरिकॉटचे दोरे, ते ओढावे लागतात. दिवसाला दीडशे वेळा तरी होत असेल. आईही असंच तोडायची, तिचंच बघून मी शिकले.

बाई म्हणाल्या, "जखम बहुतेक या दाढेनं केली आहे. बहुतेक म्हणते, नक्की म्हणत नाही." दाढेचं टोक त्यांनी यंत्रानं घासून गुळगुळीत केलं. चौदा दिवसांत जखम भरली तर दोष दाढेचा. नाही भरली तर जखमेचा तुकडा काढून तपासायचा. दुसरं असं की गालाच्या आत, जिथं मी मिश्री धरते, तिथं पांढरा डाग आहे. तो खूप दिवसांचा दिसतो म्हणाल्या. त्याचा तुकडा परवाच काढला. बधिर करून काढतात, दुखलं नाही, नंतर दोन दिवस ठणकलं. त्याचा रिपोर्ट आणि जखमेचा निकाल दोन्ही अठरा तारखेला.

मिश्री त्याच क्षणापासून बंद.

जखम दाढेची असली तर तो डाग आहेच. डाग साधा निघाला तर जखम आहे. अठरापर्यंत असंच चालणार. तुझे दाजी रोज सकाळी माझ्याकडे बघतात आणि पेपर उचलतात.

खोटं आणखी एक आहे, जुनं. ते आज लिहीत नाही.

आक्का


डोंबिवली
११ फेब्रुवारी १९९१

रतन,

हे पत्र लिहून होईल. टाकेन की नाही, माहीत नाही.

आईची जखम गणपतीत सुरू झाली. तुला जानेवारीत कळलं. मधले चार महिने मला माहीत होतं. तू मला बोललीस ते यासाठी, आणि ते खरं आहे.

गणपती गेल्यावर एकदा मी शहाडला गेले होते. आई भाकरी कालवून खात होती. मी विचारलं तर म्हणाली, तोंड आलंय. दसऱ्याला गेले तेव्हाही तेच. मी म्हटलं, दाखवू या. ती म्हणाली, "दुखत नाही ना. कशाला?" मी म्हटलं, मग रतनला विचारते, ती शिकतेय तेच. तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, "रतनची शेवटची परीक्षा होऊ दे. तिला कळलं तर ती टाकून येईल. मग तिची गत तुझ्यासारखी."

मी नववीतून शाळा सोडली ती दादा आजारी पडले आणि आईच्या एकटीच्या शिवणावर घर चालेना म्हणून. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. त्याबद्दल आईनं मला कधी एक शब्द म्हटला नव्हता. त्या दिवशी म्हणाली. तुझ्यासारखी. ते मला लागलं आणि पटलंही. मी कबूल झाले.

दिवाळीला तू चार दिवस आलीस. आई दूधभात खात होती, चकलीला हात लावत नव्हती. तू विचारलंस, तिला काय झालंय? मी म्हटलं, दाढ काढलीय. ती दाढ मी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच मी बोलले. तू हसून म्हणालीस, मग चकल्या मला दे.

परीक्षा संपल्यावर तू आलीस, तिचं तोंड बघितलंस आणि तिला घेऊन गेलीस. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणायला हवं होतं. ते वाक्य तू मला ऑगस्टमध्ये आई जाईपर्यंत रोज म्हणालीस, तोंडानं नाही, नुसतं बघून.

तेराव्याला सांगता आलं असतं, आईनंच नको म्हटलं होतं म्हणून. मग तुला तुझ्या परीक्षेचं ओझं झालं असतं. तू पास झाली होतीस. मला वाटलं, एवढं तरी आईला मिळू दे. तू चिडून गेलीस, पण नर्स होऊन गेलीस.

आणखी एक. शेवटच्या महिन्यात तू तिची मिश्रीची डबी फेकून दिलीस. मी ती कचऱ्यातून उचलली, धुतली, घरी तव्यावर तंबाखू भाजून भरली आणि ब्लाउजमध्ये लपवून नेली. तुझी पाठ असेल तेव्हा तिच्या हिरडीला लावत होते. तिला बोलता येत नव्हतं तेव्हा ती बोटानं मागायची. मला नाही म्हणता आलं नाही. ती डबी अजून माझ्याकडे आहे. गेल्या सोमवारपर्यंत त्यातलीच लावत होते.

आता माझ्या जिभेला जखम आहे आणि मी तुझ्या आधी रंगूबाईंना सांगितलं. मग तुला लिहिलं ते ता. क. मध्ये. आईचं चुकलं तेव्हा मी पाठीशी होते. माझं चुकत होतं तेव्हा माझ्या पाठीशी कुणी नव्हतं, नुसता सब्जा होता. म्हणून लिहिलं तुला.

सोमवारी काय निघेल ते निघेल. वाईट निघालं तर हे तुला वाचायला मिळू नये. मग तुला वाटेल, मी जाता जाता तुझ्यावर टाकून गेले.

आक्का


अकोला
१२ फेब्रुवारी १९९१

आक्का,

रजा मिळाली. सतराला संध्याकाळी येते, अठराला तुझ्याबरोबर. स्टेशनवर कुणी यायचं नाही, मला डोंबिवली माहीत आहे. दाजींना सांग, पेपरच्या मागून बघू नका, सरळ विचारा.

तिखट करू नकोस माझ्यासाठी म्हणून. तू खाशील तेच मी खाईन.

रतन


अकोला
२४ फेब्रुवारी १९९१

आक्का,

पोचले. तीन दिवस ड्युटी लागून होती.

रिपोर्ट मी हॉस्पिटलात तीनदा वाचला आणि परतीच्या गाडीत नकलेवरून चौथ्यांदा. कॅन्सर नाही. डागात तशा पेशी नाहीत. आणि जखम भरली आहे, नुसती गुलाबी रेघ राहिली आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या ना, दोष दाढेचा. तू लगेच म्हणालीस, "मग दाढेला काय शिक्षा?" आणि दाजी व्हरांड्यात जाऊन रडले. त्यांनी सांगितलं डोळ्यात धूळ गेली. तू त्यांना रुमाल दिलास. तुझं हे मला आवडलं.

पण डाग आहे. तो मिश्रीचा आहे आणि मिश्री बंद राहिली तर बहुतेक जाईल. बहुतेकच. म्हणून लिहून देते, हे भिंतीला लाव. दर रविवारी सकाळी खिडकीशी आरसा आणि टॉर्च घेऊन बसायचं. जीभ बाहेर, मग उजवीकडे, डावीकडे, वर. दोन्ही गाल बोटानं ओढून आत बघायचं. जखम, गाठ, लाल किंवा पांढरं काही दिसलं की कॅलेंडरवर खूण. चौदा दिवसांनी ते तिथंच असेल तर दुखो न दुखो, दाखवायला जायचं. रक्त आलं, गिळताना अडलं, तोंड पुरतं उघडेना, जीभ जड झाली, मानेत गाठ लागली, तर चौदा दिवससुद्धा थांबायचं नाही. काही नसलं तरी मेमध्ये बाईंकडे. टॉर्च मी तुझ्या फडताळावर ठेवली आहे.

आता दुसरं. तिथं बोलले नाही.

सोमवारी संध्याकाळी तू ब्लाउजला हुक लावत बसली होतीस. गाठ मारलीस आणि दोरा तोंडाकडे नेलास. हॉस्पिटलातून येऊन तीन तास झाले नव्हते. मी ओरडले. तू म्हणालीस, "मग कात्री दे. मशीनच्या खणात आहे."

खणात कात्री होती. कात्रीखाली पाकीट होतं. माझं नाव, माझा पत्ता, वर तिकीट लावलेलं, उघडंच. मी तिथंच उभ्यानं वाचलं. तू मागं वळली नाहीस. एक हुक लावायला तुला अर्धा मिनिट लागतो. तू त्या एका हुकावर दहा मिनिटं होतीस.

मी पत्र जागेवर ठेवलं आणि कात्री आणून दिली. तू दोरा कापलास. मग आपण मटकीची उसळ खाल्ली. तू वरून लाल तिखट घेतलंस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लंस आणि म्हणालीस, दोन महिन्यांनी जेवले. मला तेव्हा बोलायचं होतं. तू जेवत होतीस म्हणून राहिलं.

तर ऐक. दिवाळीच्या त्या चार दिवसांच्या आधी महिनाभर माझी ड्युटी कान-नाक-घशाच्या वॉर्डात होती. काढलेली दाढ कशी दिसते, किती दिवस सूज राहते, मला पाठ होतं. आईच्या गालाला सूज नव्हती. ती बोलताना पदर तोंडापुढं धरत होती. दाढ काढलेलं माणूस पदर कशाला धरेल? माझ्या पिशवीत टॉर्च होती, आक्का. मला फक्त 'आ कर' म्हणायचं होतं. दोन शब्द. मी रोज तीस अनोळखी माणसांना म्हणत होते.

म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बघावं लागलं असतं, आणि बघितलं असतं तर परीक्षा गेली असती. तेव्हा हे असं शब्दांत नव्हतं. पण चकल्या खाताना तिच्याकडे बघायचं मी टाळत होते, ते आठवतं. तू दाढ म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं झालं.

तेराव्याला मला ते कुणावर तरी टाकायचं होतं. तू गप्प बसलीस, त्यामुळं सोपं गेलं. आणि तू ते इतकी वर्षं उचललंस. मी इथं दुसऱ्यांच्या आयांची तोंडं बघत राहिले.

आईनं तुला सांगितलं, मला सांगितलं नाही. तिनं माझी परीक्षा वाचवली. तू मला त्या ओझ्यापासून वाचवलंस. मी कुणाला काही वाचवलं नाही, पण तुझ्या ता. क.ला त्याच दिवशी कार्ड टाकलं. तेवढं धर.

डबीचं मला माहीत होतं. तिच्या तोंडाला भाजलेल्या तंबाखूचा वास यायचा, तो काय लपणार? एकदा मी खोलीत यायच्या आधी मुद्दाम खोकलेही. त्या महिन्यात मिश्रीनं तिचं काही वाढणार नव्हतं. बरं केलंस.

तू मला खणाकडे मुद्दाम पाठवलंस का, ते विचारत नाही.

हलवा गाडीत उघडला. थोडा ओला झाला होता. मनमाडपर्यंत संपला.

रतन


डोंबिवली
४ मार्च १९९१

रतन,

तू विचारलं नाहीस तरी सांगते. दुसरी कात्री माझ्या मांडीखाली होती.

तिकीट मात्र पत्र लिहिलं त्याच दिवशी लावलं होतं.

तुझं पत्र मी दुपारी वाचलं. तुझ्या दाजींना दिलं नाही. ते म्हणाले, "काय लिहितेय?" मी म्हटलं, "टॉर्चचं." मग मशीनवर बसले आणि त्या नवरीच्या आईच्या तीन साड्यांना फॉल लावले. कात्रीला नाडी बांधून गळ्यात अडकवली आहे. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

चकल्यांबद्दल तू लिहिलंस. तू तेव्हा चोवीस वर्षांची होतीस आणि तुला भूक होती. आता त्याच्यावर आणखी काही लिहू नकोस. मीही लिहीत नाही. आई असती तर दोघींना म्हणाली असती, उगाच तोंड चालवू नका. आणि स्वतः डबी उघडली असती.

मिश्री सोडल्याचा आज अठ्ठाविसावा दिवस. मध्ये एकदा लावली, गेल्या मंगळवारी, रंगूबाईंकडची. हे लिहायची गरज नव्हती, पण आता ठरवलंय. डबी तशीच आहे, तिच्यात ब्लाउजचे हुक ठेवले आहेत. सकाळी चहाच्या आधी हात आपोआप जातो आणि बोटाला हुक टोचतो. बरं पडतं.

रविवारी आरसा घेऊन बसले. जिभेवरची रेघही गेली. कुठं होती ते शोधावं लागलं. डाग आहे, पण कडेनं फिका वाटतो. वाटतो म्हणते. मेमध्ये बाई सांगतील. मग रंगूबाईंनाही खिडकीशी बसवलं, आ करा म्हटलं, टॉर्च मारली. त्यांना म्हटलं, "बाई, आत ऊन कुठं दिसत नाही." त्या रागावल्या. पण खालच्या ओठाच्या आत काहीतरी आहे त्यांच्या, कॅलेंडरवर खूण केली आहे. सतरा तारखेला परत बघणार. तेव्हाही असलं तर मी स्वतः ठाण्याला नेईन. ब्लाउज राहिले तर राहिले.

तू निघालीस तेव्हा तुझी पिशवी मी भरली, आठवतं? तुझ्या युनिफॉर्मखाली सुगंधी सुपारीच्या चार पुड्या होत्या. पाचवी फोडलेली. मी तशाच ठेवल्या आणि काही बोलले नाही, कारण त्या संध्याकाळी तूही काही बोलत नव्हतीस. सिस्टरबाई. दिवसभर लोकांना सांगायचं आणि स्वतः एका गालात सुपारी धरायची. कुठला गाल ते मी बघून ठेवलं आहे. उजवा.

मेमध्ये मी बाईंकडे जाईन तेव्हा तू ये. आल्यावर चहा नंतर. आधी खिडकीशी बसायचं आणि आ करायचं. टॉर्च तुझीच आहे, सेल मी नवे घातले आहेत.

तुझी
आक्का